शंभर मिलीचे कोडे: विमानप्रवासात प्रसाधनांची पिशवी हलकी कशी ठेवावी

आंतरराष्ट्रीय उड्डाणापूर्वीच्या सुरक्षा तपासणीत एकदा माझ्यापुढे एक काकू उभ्या होत्या. मुलीच्या बाळंतपणासाठी त्या परदेशी निघाल्या होत्या आणि त्यांच्या हातातल्या बॅगेतून खोबरेल तेलाची बाटली बाहेर काढण्यात आली होती. बाटली २०० मिलीची होती, पण तिच्या तळाशी जेमतेम दोन बोटे तेल उरले होते. "अहो, यात आहेच किती?" असे त्यांनी दोनदा विचारले. तपासणी करणाऱ्या जवानाने काही न बोलता बाटली फिरवली, तिच्यावर छापलेल्या आकड्यावर बोट ठेवले आणि ती बाजूच्या टोपलीत टाकली. काकूंचे गणित बरोबर होते आणि जवानाचेही बरोबर होते. दोघे वेगवेगळ्या गोष्टी मोजत होते, एवढेच.

गेल्या काही वर्षांत ब्रिटन आणि युरोपातील काही विमानतळांनी हातातल्या सामानातील द्रवांवरची १०० मिलीची ही अट सैल केल्याच्या, मग पुन्हा आवळल्याच्या आणि नंतर पुन्हा सैल केल्याच्या बातम्या येत राहिल्याने गोंधळात भरच पडली आहे. म्हणून नियम काय आहे, तो का आहे आणि तो पाळूनही आपली नेहमीची क्रीम, सनस्क्रीन आणि शाम्पू सुखरूप कसे नेता येतात, हे मुळापासून पाहू.

मोजतात ते भांडे, आतला माल नव्हे

हातातल्या सामानात, म्हणजे जी बॅग आपण विमानात स्वतःबरोबर नेतो तीत, द्रव पदार्थाचे प्रत्येक भांडे १०० मिली किंवा त्याहून लहान असावे लागते. अशी सगळी भांडी एक लिटर क्षमतेच्या, पारदर्शक आणि पुन्हा बंद करता येणाऱ्या एकाच पिशवीत मावली पाहिजेत. ही पिशवी साधारण २० सेंटिमीटर लांब आणि तेवढीच रुंद असते आणि प्रत्येक प्रवाशाला एकच मिळते. भांडे १५० मिलीचे असेल तर ते रिकामे होत आलेले असले तरी चालत नाही, कारण रांगेत उभ्या प्रत्येकाच्या बाटलीत किती उरले आहे हे मोजत बसणे कोणालाही शक्य नाही, आणि छापलेला आकडा मात्र एका नजरेत दिसतो.

विमानतळावर 'द्रव' या शब्दाचा अर्थ शाळेतल्या व्याख्येपेक्षा बराच ऐसपैस आहे. ओतता येणारे, पसरवता येणारे, पिळून काढता येणारे आणि फवारता येणारे असे सगळे त्यात मोडते. त्यामुळे टूथपेस्ट, फेसवॉश, जेल, मस्कारा, लिपग्लॉस, अत्तर आणि ओले कुंकू हे द्रव ठरतात. लिपस्टिकची कांडी, काजळाची पेन्सिल, साबणाची वडी आणि टिकल्यांचे पाकीट हे ठरत नाहीत. डबीतले मऊ काजळ मात्र द्रवातच धरून चालावे. औषधे, तान्ह्या बाळाचे दूध व अन्न आणि प्रकृतीमुळे घ्यावा लागणारा विशेष आहार यांना सूट असते, पण त्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी जवळ ठेवणे शहाणपणाचे.

येथे एक बारीक फरक लक्षात घेण्याजोगा आहे. आपल्याकडे टूथपेस्टवर आणि कित्येक क्रीमवर ग्रॅम छापलेले असतात, मिली नव्हे. टूथपेस्ट पाण्यापेक्षा बरीच जड असल्याने १०० ग्रॅमची ट्यूब १०० मिलीपेक्षा कमी जागा घेते. तेल पाण्यापेक्षा हलके असल्याने १०० ग्रॅम खोबरेल तेल १०० मिलीच्या थोडे वरच जाते. तपासणीच्या टेबलावर घनतेचा हा धडा कोणी ऐकून घेणार नाही. म्हणून आकडा ग्रॅममध्ये असो वा मिलीमध्ये, तो १०० च्या आतला असावा.

हा आकडा आला कुठून

डिसेंबर १९९४ मध्ये मनिलाहून सेबूमार्गे टोकियोला निघालेल्या फिलिपीन एअरलाइन्सच्या विमानात स्फोट झाला. त्यात एका जपानी प्रवाशाचा मृत्यू झाला आणि वैमानिकांनी विमान मोठ्या कौशल्याने ओकिनावातील नाहा येथे उतरवले. स्फोटक द्रव कॉन्टॅक्ट लेन्स धुण्याच्या औषधाच्या बाटलीतून विमानात नेण्यात आला होता. म्हणजे आपल्या प्रसाधनांच्या पिशवीवरचा संशय जुना आहे.

तरीही नियम आला तो बारा वर्षांनी. १० ऑगस्ट २००६ रोजी ब्रिटिश पोलिसांनी एक कट उघडकीस आणला. अटलांटिक महासागर ओलांडणाऱ्या अनेक विमानांत, शीतपेयांच्या बाटल्यांतून स्फोटक द्रव नेण्याचा तो बेत होता. त्यानंतर लगेच द्रवांवर जवळपास सरसकट बंदी आली. ती फार काळ चालण्यासारखी नव्हतीच. त्याच वर्षाच्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेने आणि नोव्हेंबरमध्ये युरोपने १०० मिलीची तडजोड स्वीकारली, आणि आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने सर्व देशांना १ मार्च २००७ पर्यंत ती लागू करण्याची शिफारस केली. भारतात अशा नियमांचे काम नागरी विमान सुरक्षा ब्युरो पाहतो आणि बहुतेक मोठ्या विमानतळांवर प्रत्यक्ष तपासणी केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे जवान करतात.

आपल्याकडच्या गोंधळाचे एक कारण देशांतर्गत प्रवास हे आहे. पुण्याहून दिल्लीला जाताना लोक पाण्याची बाटली सर्रास आत नेताना दिसतात आणि मोठ्या फेसवॉशलाही बहुधा कोणी हटकत नाही. तोच फेसवॉश दिल्लीहून फ्रँकफर्टला निघताना अडतो, तेव्हा प्रवाशाला वाटते की हा या जवानाचा हट्ट आहे.

यंत्राला शाम्पू आणि स्फोटक यांतला फरक कळत नाही का?

जुन्या यंत्राला खरोखरच नीट कळत नाही. साध्या क्ष-किरण यंत्राच्या पडद्यावर पाणी, शाम्पू, तेल आणि इतर सेंद्रिय पदार्थ साधारण एकाच नारिंगी छटेत दिसतात, आणि बॅगेतल्या वस्तू एकमेकींवर चढलेल्या दिसतात. नवी यंत्रे दवाखान्यातल्या सीटी स्कॅनसारखी आहेत. ती बॅगेभोवती फिरून अनेक बाजूंनी छायाचित्रे घेतात, त्यातून त्रिमितीय चित्र तयार करतात आणि पदार्थाच्या घनतेचा अंदाज बांधतात. अशी यंत्रे बसवल्यावर २०२३ मध्ये लंडन सिटीसारख्या काही विमानतळांनी अट सैल केली. २०२४ मध्ये ब्रिटनने आणि मग युरोपीय संघाने ती तात्पुरती परत आणली, आणि २०२५ मध्ये एडिंबरासारख्या ठिकाणी दोन लिटरपर्यंतची भांडी पुन्हा चालू लागली.

या बातम्यांवर विसंबून बॅग भरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. नियम जिथून विमानात चढतो तिथला लागू होतो. जाताना एक विमानतळ, मध्ये बदलाचे दुसरे आणि परतताना तिसरे, अशा तीन ठिकाणी सामान तपासले जाऊ शकते, आणि त्यातले सर्वांत कडक ठिकाण आपल्या बाटलीचा आकार ठरवते.

मग जप्त केलेल्या बाटल्या तिथेच एका टोपलीत कशा टाकतात?

हा आक्षेप समाजमाध्यमांवर दरवर्षी नव्याने फिरतो आणि तो वरवर बिनतोड वाटतो. परंतु तुमचा फेसवॉश स्फोटक आहे असे जवानाला वाटतच नसते. हजारो बाटल्यांपैकी एखादी तशी असू शकते, ती उडत्या विमानाच्या बंद पोकळीत मोठ्या प्रमाणात पोहोचू नये, एवढाच हेतू असतो. चेक-इनच्या बॅगेत मोठ्या बाटल्या चालतात, त्याचेही कारण जवळपास हेच आहे: ती बॅग वेगळ्या यंत्रांतून जाते आणि उड्डाणात प्रवाशाच्या हाती लागत नाही, त्यामुळे त्याला काही मिसळता वा जोडता येत नाही.

पाच जणांनी आपापल्या शंभर मिली एकत्र केल्या तर काय, हा पुढचा प्रश्न रास्त आहे. एकट्या या नियमाने ती वाट बंद होत नाही. ती अवघड होते, आणि बाकीचे काम इतर तपासण्यांनी करायचे असते.

बाटली विमानात का ओकते

महाबळेश्वरला जाताना गाडीतले वेफर्सचे पाकीट घाट चढता चढता फुगते, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. वर हवेचा दाब कमी होतो आणि पाकिटातली हवा पसरू पाहते. विमानात कृत्रिम दाब ठेवलेला असला तरी तो जमिनीइतका नसतो. बहुतेक विमानांत तो समुद्रसपाटीपासून २,४०० मीटरपर्यंतच्या उंचीवर असावा इतका उतरतो. कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटरवर आहे, म्हणजे आपण बसल्या जागी त्याहून कितीतरी वर गेलेलो असतो. समुद्रकाठच्या दाबाच्या सुमारे तीन चतुर्थांश दाब तिथे उरतो.

आता अर्धी भरलेली १०० मिलीची बाटली घ्या. तिच्यात ५० मिली हवा आहे. वर गेल्यावर तिला सुमारे ६६ मिली जागा हवी असते. बाटली आडवी वा उलटी पडलेली असेल तर ही वाढलेली हवा समोर येणाऱ्या द्रवालाच झाकणाच्या फटीतून बाहेर ढकलते. पंप असलेल्या बाटल्यांतून आणि वरच्या टोपणाला भोक असलेल्या ट्यूबमधून हे सर्वांत सहज घडते. मालवाहू कप्प्यात ठेवल्याने यातून सुटका होत नाही, कारण प्रवासी विमानांत त्या कप्प्यातही केबिनसारखाच दाब असतो.

उपाय यातूनच निघतात. मऊ ट्यूब हलके दाबून तिच्यातली हवा घालवावी आणि दाबलेली असतानाच झाकण लावावे. कडक बाटली असेल तर ती जवळपास काठोकाठ भरावी. फिरकीचे झाकण काढून तोंडावर प्लॅस्टिकचा छोटा तुकडा ठेवून झाकण पुन्हा घट्ट बसवावे. आमच्या घरी लोणच्याच्या बरणीला जे करतात तेच. पारदर्शक पिशवी उभी राहील अशी ठेवावी आणि विमान उतरल्यावर पहिले झाकण बेसिनवर उघडावे. मी एकदा ही शेवटची काळजी घेतली नाही आणि फाउंडेशनचा डाग पांढऱ्या कुर्त्यावर घेऊन नातेवाइकांसमोर उभी राहिले.

त्वचा कोरडी का पडते

विमानाबाहेरची हवा उणे ५० अंशांच्या आसपास थंड असते आणि तिच्यात बाष्प जवळजवळ नसते. तीच आत घेऊन ऊबदार केली जाते. परिणामी लांबच्या उड्डाणात केबिनमधली सापेक्ष आर्द्रता, म्हणजे त्या तापमानाला हवेत जास्तीत जास्त जेवढे बाष्प मावू शकते त्याच्या तुलनेत प्रत्यक्षात असलेले बाष्प, १० ते २० टक्क्यांवर येते. पावसाळ्यातल्या मुंबईत ती ८० टक्क्यांच्याही वर असते. म्हणजे ओल्या फडक्यात गुंडाळलेली त्वचा अचानक उन्हात वाळत घातल्यासारखे होते.

म्हणून विमानात कोणती वस्तू उपयोगी पडेल हे तिच्या कामावरून ठरवावे. ग्लिसरीन आणि हायलुरोनिक आम्ल ही पाणी धरून ठेवणारी द्रव्ये आहेत. व्हॅसलीन आणि लॅनोलिन ही वरून झाकण घालणारी द्रव्ये आहेत. कोरड्या हवेत नुसते पाणी धरणारे द्रव्य लावले आणि वर झाकण घातले नाही, तर धरलेले पाणीही उडून जाते. गुलाबपाण्याच्या फवाऱ्याचे हेच होते: क्षणभर गार वाटते आणि दहा मिनिटांत चेहरा पुन्हा ओढल्यासारखा होतो. विमानात कागदी मास्क चेहऱ्यावर पसरून बसण्याची छायाचित्रे भरपूर दिसतात. त्यातून मिळणारा ओलावा टिकवायचा तर शेवटी क्रीमच लावावी लागते, मग तो मास्क घरीच का ठेवू नये?

घरून निघण्यापूर्वी चेहरा धुऊन, तो किंचित ओला असतानाच मॉइश्चरायझर लावावे, आणि ओठ, नाकपुड्यांच्या कडा व हात यांवर उड्डाणात व्हॅसलीनचा पातळ हात फिरवावा. व्हॅसलीनची छोटी डबी आणि ओठांची कांडी, एवढेच आसनापाशी लागते. बाकीची पिशवी वरच्या कप्प्यात निवांत राहू द्यावी. मेकअप लांबच्या प्रवासात उतरल्यावरच करावा, असे मी अनुभवाने ठरवले आहे.

आठवड्याला किती लागते, याचा हिशेब

पिशवी जड होते ती गरजेने नव्हे, संपेल या धास्तीने. तेव्हा एकदा हिशेबच मांडू.

सनस्क्रीनची क्षमता तपासताना दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम एवढा थर धरतात. चेहरा आणि मान यांसाठी हे प्रमाण साधारण एक ग्रॅम किंवा त्याहून थोडे अधिक भरते, म्हणजे तर्जनी आणि मधल्या बोटावर पिळलेल्या दोन रेघा. दिवसातून दोनदा लावले तर सात दिवसांना १५ ग्रॅम. मॉइश्चरायझरही तेवढेच, १५ ग्रॅम. फेसवॉश दिवसातून दोनदा, दर वेळी दीड मिली धरला तरी आठवड्याला २१ मिलीच्या वर जात नाही. शाम्पूच्या एका पुडीत साधारण ६ मिली असतो. तीन वेळा केस धुणाऱ्याला तीन-चार पुड्या म्हणजे १८ ते २४ मिली. टूथपेस्ट ब्रश भरून घेतली तरी एक ग्रॅम होते, म्हणजे आठवड्याला १४. बेरीज केली तर चेहरा, केस आणि दात यांची सात दिवसांची सगळी निगा मिळून एका १०० मिलीच्या बाटलीत मावते. नियम देतो त्याच्या दहाव्या हिश्शात.

माझ्या म्हणण्यावर विश्वास ठेवण्याचे कारण नाही. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर आज आपल्या क्रीमची ट्यूब ठेवा, आकडा तिच्यावरच मार्करने लिहा आणि सात दिवसांनी ती पुन्हा ठेवा. माझ्या ट्यूबचे वजन १३ ग्रॅमने घटले होते, आणि तोवर मी तीन दिवसांच्या प्रवासाला ५० ग्रॅमच्या दोन ट्यूब नेत असे.

या हिशेबाला सुरुंग लावते ते अंगाला लावायचे लोशन. पूर्ण अंगाला एका वेळी १०-१५ मिली सहज लागते, म्हणजे आठवड्यात शंभर मिलीची वेगळी बाटली. ते चेक-इनमध्ये टाकावे किंवा तिथे जाऊन विकत घ्यावे. कंडिशनरचेही तेच. आणि 'प्रवासी संच' म्हणून दुकानात मिळणाऱ्या, सुबक पाऊचमधल्या आठ-दहा बाटल्या घेण्याची गरज क्वचितच असते, कारण त्यांतल्या निम्म्या आपण घरीही वापरत नाही.

छोट्या डब्यांत काढून घेताना

काढून घेणे सोपे असले तरी सगळ्यांना मानवत नाही. सनस्क्रीन शक्यतो मूळ ट्यूबमध्येच ठेवावी, कारण ती किती काळ टिकते हे त्या डब्यासह तपासलेले असते आणि मुदतीची तारीखही त्याच ट्यूबवर असते. व्हिटॅमिन सी असलेले सीरम हवा आणि उजेड लागला की लवकर पिवळे पडून निकामी होते. त्वचारोगतज्ज्ञांनी लिहून दिलेले मलम त्याच्या छापील वेष्टनातच न्यावे. लेन्स धुण्याचे औषध दुसऱ्या बाटलीत कधीच ओतू नये. ते निर्जंतुक राहत नाही आणि किंमत डोळ्यांना मोजावी लागते. लेन्स ठेवण्याच्या नव्या, कोरड्या डबीच्या दोन खणांत मात्र फाउंडेशन आणि रात्रीची क्रीम यांचे दोन-तीन दिवस आरामात निघतात.

काढून घेतलेल्या प्रत्येक डबीवर नाव लिहावे. बाटलीवर क्षमतेचा आकडा छापलेला असेल तर तपासणीत प्रश्नोत्तरे वाचतात.

द्रवच नको असेल तर

सर्वांत हलकी पिशवी ती, जिच्यात द्रव कमी आहेत. साबणाची वडी, शाम्पूची वडी, सनस्क्रीनची कांडी आणि दाढीनंतर फिरवायचा तुरटीचा खडा यांना १०० मिलीची अट लागत नाही आणि ती ओकतही नाहीत. ओली वडी डबीत कोंडून न ठेवता आधी पुसून कोरडी करावी, नाहीतर तिचा लगदा होतो. उटणे आणि मुलतानी माती पूड म्हणून नेता येते. मात्र अमेरिकेला जाणाऱ्या उड्डाणांत जून २०१८ पासून ३५० मिलीपेक्षा मोठ्या डब्यातल्या पुडीची जादा तपासणी होते, म्हणून छोटे पाकीट पुरे. (जाता जाता: सुक्या खोबऱ्याच्या वाट्या बरोबर नेऊ नयेत. त्यांतल्या तेलामुळे त्या आपोआप तापून पेटू शकणाऱ्या मालात धरल्या जातात.)

चेक-इनमध्ये काय आणि हातात काय

चेक-इनमध्येही सगळे चालते असे नाही. हेअरस्प्रे, डिओडोरंट, अत्तर, नेलपॉलिश आणि तिचे रिमूव्हर अशा ज्वालाग्राही प्रसाधनांचा एक नग अर्धा लिटर वा अर्धा किलोपर्यंत आणि सगळे मिळून दोन लिटर वा दोन किलोपर्यंतच नेता येतो. स्प्रेच्या तोंडावर टोपण हवेच. टोकदार कात्री आणि सुटी ब्लेड चेक-इनमध्ये जातात. पॉवरबँक मात्र कधीही चेक-इनमध्ये टाकू नये. लिथियमची बॅटरी पेटली तर ती केबिनमध्ये दिसते आणि विझवता येते. एकूण वजनाचाही विचार असतोच: बहुतेक भारतीय विमान कंपन्या हातातल्या सामानाला ७ किलोची मर्यादा ठेवतात, आणि काचेच्या जाड बाटल्या आतल्या सीरमपेक्षा जड असतात.

परतीच्या वाटेवर

परतताना करमुक्त दुकानातून घेतलेले अत्तर १०० मिलीपेक्षा मोठे असेल, तर दुकानदार ते एका खास सीलबंद पिशवीत घालून देतो आणि पावती आत दिसेल अशी ठेवतो. मध्ये विमान बदलायचे असेल तर शेवटच्या मुक्कामापर्यंत ती पिशवी फोडू नये. वास घेण्याच्या उत्सुकतेने दुबईच्या बाकावर फोडलेले अत्तर पुढच्या तपासणीत हातातून जाते, आणि तेव्हा चेक-इनची बॅग आपल्यापाशी नसते.

खोबरेल तेलाचे काय करावे, हे त्या काकूंना कोणी आधी सांगितले असते तर बरे झाले असते. मोठी बाटली चेक-इनमध्ये आणि ५० मिलीची छोटी हातात, एवढेच पुरेसे होते. हे तेल साधारण २४ अंशांखाली थिजते, त्यामुळे थंड देशात बाटली उघडली की आत पांढरा गोळा दिसतो. तो बिघडलेला नसतो. बाटली पाच मिनिटे कोमट पाण्यात उभी केली की तेल पुन्हा ओतता येते.